तीन उजेडांचा फोटो

उतारवयात माणसाला कशाचा नाद लागंल ते सांगता येत नाही. आमच्या गावात कुणी भजनाला बसतं, कुणी पारावर पत्ते कुटतं. मला फोटोचा नाद लागला. पुण्याच्या पुतण्यानं नवा कॅमेरा घेतला आणि जुना मला देऊन टाकला. "तात्या, दिवसभर रानातच असताय, तर फोटो तरी काढा," म्हणाला. तेव्हा मी साठीला टेकलो होतो. शिक्षण दहावीपर्यंतचं. कॅमेऱ्यावरची अक्षरं वाचता यायची, पण अर्थ लागायचा नाही.

आमचं गाव भोर तालुक्याच्या पश्चिम अंगाला, वरंध घाटाच्या वाटेवर. पावसाळ्यात भाताची खाचरं पाण्यानं भरलेली, वर डोंगर आणि डोंगरावर ढग. फोटो काढायला याहून काय पाहिजे? पण पहिल्या दिवसापासून एकच अडचण. आभाळ नीट यावं म्हणून कॅमेरा लावावा, तर खालचं रान काळंकुट्ट. रान दिसावं म्हणून लावावा, तर आभाळ पांढरंफटक, धुऊन वाळत घातलेल्या धोतरासारखं. माझ्या डोळ्याला दोन्ही दिसतंय, मग या एवढ्या महागाच्या वस्तूला का दिसू नये?

पुतण्यानं फोनवर सांगितलं, याला उपाय आहे, एचडीआर. एकाच जागेचे तीन फोटो काढायचे. कॅमेरा स्टँडवर घट्ट बसवायचा आणि हाताचा धक्का लागू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावायचा. मधला फोटो सेकंदाच्या एकशेपंचविसाव्या भागाचा असंल, तर एक पाचशेव्या भागाचा काढायचा, त्यात उजेड चौथाई येतो आणि आभाळातले ढग उमटतात. तिसरा तिसाव्या भागाचा, त्यात उजेड चौपट येतो आणि झाडाखालची सावलीसुद्धा उघडी होते. मग कॉम्प्युटरवर तिन्ही एकत्र करायचे. ज्यातलं जे नीट आलंय ते त्यातून घ्यायचं.

सुरुवातीला मी फार वाहावलो. कॉम्प्युटरवर रंग वाढवायची पट्टी असते, ती सापडल्यावर हात थांबंना. भात पोपटासारखा हिरवा, आभाळ शाईसारखं निळं. डोंगराच्या कडेला पांढरी किनार उमटायची, फोटोतल्या देवाच्या डोक्यामागं तेज दाखवतात तशी. मंडळींना कौतुकानं दाखवलं. ती म्हणाली, "अवं, पोळ्याला बैलाची शिंगं रंगवत्यात तसं आभाळ रंगावलंय की तुमी!" मी रागावलो, पण दुसऱ्या दिवशी सकाळी फोटो परत बघितला तेव्हा तिचं म्हणणं पटलं. तेव्हापासून हात आखडता घेतला.

मग एकदा गंमत झाली. मी तीन फोटो काढत असताना मंडळी बांधावरून भाकरीची पाटी घेऊन येत होती. एकत्र केलेल्या फोटोत बांधावर ती तीन ठिकाणी दिसली, अर्धवट, धुरातून आल्यासारखी. याला या धंद्यातली माणसं भूतच म्हणतात. तिला दाखवलं, तर म्हणाली, "बरं झालं. एक रानात जाईल, एक चुलीपाशी बसंल आन् एक निवांत झोपंल."

हसून झालं, पण माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. हा जो फोटो आहे, असा क्षण कधी झालाच नाही. तीन वेगवेगळे क्षण मी शिवून एक केले. मग माझा फोटो खोटा का?

पुष्कळ दिवस मी यावर बांधावर बसून विचार केला. मला असं वाटलं, की डोळासुद्धा हेच करतो. आभाळाकडं बघताना डोळ्याची बाहुली बारीक होते, सावलीत बघताना मोठी होते. एका दमात आपण सगळं बघत नाहीच. आधी ढग बघतो, मग डोंगर, मग खाचर, आणि मन त्याचं एक चित्र करतं. त्या हिशेबानं एकाच फोटोतलं काळं रान हेच खोटं म्हणावं लागंल, कारण तसं काळं रान मी कधी बघितलंच नाही.

शिवाय ही युक्ती आजची नाही. फ्रान्समधला गुस्ताव ल ग्रे नावाचा फोटोग्राफर १८५०च्या दशकात समुद्राचे फोटो काढायचा. त्या काळच्या काचेवरच्या मसाल्याला निळा उजेड फार लागायचा, म्हणून आभाळ कोरं पडायचं. त्यानं काही फोटोंसाठी आभाळाची एक काच आणि समुद्राची दुसरी काच जोडून एक फोटो केला. म्हणजे माझी अडचण दीडशे वर्षांहून जुनी निघाली. तेवढ्यानं मन निवांत झालं. जोपर्यंत फोटो भिंतीवर आहे तोपर्यंत या निवांतपणाला धक्का लागला नाही. फोटो व्यवहारात उतरला आणि लागला.

तीन वर्षांमागं माझ्या चुलतभावाला, आबाला, जमीन विकायची वेळ आली. थोरल्या पोरानं टेम्पो घेतला होता, त्याचे हप्ते थकले होते. डोंगराच्या पायथ्याची दोन एकर वरकस जमीन, कडेनं ओढा. आबा म्हणाला, "तात्या, चांगला फोटो काढ. गिऱ्हाईक मुंबईचं हाय." मी सप्टेंबरात एका सकाळी गेलो. ओढा दुथडी, हिरवळ गुडघाभर, डोंगरावरून दोन धारा पडतायत. तीन फोटो काढले, एक केला. रंगाची पट्टी हलवली नाही. तो माझा आजवरचा सगळ्यात चांगला फोटो.

गिऱ्हाईक मूळचं शेतकरी घराण्यातलं, सातबाऱ्यावर नाव असलेलं, म्हणून शेतजमीन घ्यायला कायद्याची आडकाठी नव्हती. फोटो माझ्या फोनवरून गेला होता, म्हणून त्यांनी फोन मलाच केला. "फोटो सुरेख आहे हो. मला आंब्याची कलमं लावायची आहेत. हा ओढा बारमाही आहे ना?"

ज्यानं आमचा मुलूख बघितलाय त्याला ठाऊक आहे. चार महिने पाऊस धो धो कोसळतो, आणि उन्हाळ्यात त्याच डोंगरावरच्या वाड्यांत बायाबापड्या टँकरची वाट बघत बसतात. तो ओढा फेब्रुवारीत आटतो. मी जरा वेळ गप्प राहिलो. मग म्हणालो, "साहेब, एप्रिलात एकदा येऊन बघा, मग ठरवा."

ते एप्रिलात आले. ओढ्यात धोंडे बघितले, चहा घेतला आणि गेले ते गेलेच. पुढं आबानं ती जमीन दुसऱ्याला निम्म्या भावात दिली. आणि माझ्याशी बोलणं टाकलं.

टाकायच्या आधी मात्र एकदा पडवीत येऊन बोलला. म्हणाला, "त्या फोटूत खोटं काय व्हतं? ओढा माझा, पानी माझं, गवात माझं. तू रंग बी लावला न्हाईस."

मी म्हणालो, "आबा, फोटो खरा होता, पण सप्टेंबरापुरता. त्यांनी बारा महिन्यांचं विचारलं."

त्यावर आबा म्हणाला, "तुजा कॅमेरा म्हनं सावलीतलं बी उघडं करतो. मग माज्या घरातला अंधार कसा न्हाई दिसला तुला?"

याला मला उत्तर देता आलं नाही. आजही येत नाही.

एक गोष्ट माझी मला पक्की झाली आहे. फोटो खरा की खोटा, हे तीन फोटो जोडले का एक ठेवला यावरून ठरत नाही. बघणारा त्यावर विसंबून काय करणार आहे, यावरून ठरतं. भिंतीवर लावणाऱ्याला माझा सप्टेंबर पुरेसा आहे. पोटाला चिमटा घेऊन साठवलेला पैसा घालणाऱ्याला तो पुरेसा नाही. त्याला मी एप्रिल सांगितला, हे चुकलं असं मला वाटत नाही.

चुकलं ते दुसरीकडं. फोन आला तेव्हा मी "उद्या सांगतो" म्हणू शकत होतो. आबाकडं जाऊन म्हणू शकत होतो, "असं असं विचारतायत, मला खोटं बोलवणार नाही, तूच सांग, नाहीतर दोघं मिळून दुसरं गिऱ्हाईक बघू." ते मी केलं नाही. गिऱ्हाइकाची बाजू मला लख्ख दिसली आणि आबाची बाजू काळी पडली. एका जागेचे तीन तीन फोटो काढणारा मी, पण माणूस बघताना एकाच फोटोवर थांबलो. खरं बोललो याचं समाधान मला तेव्हा इतकं झालं होतं, की ते कुणाच्या पदरचं जातंय याचा हिशेब मी केलाच नाही.

आता मी एका जागेचा फोटो सप्टेंबरात काढला, तर एप्रिलात परत जाऊन तिथंच स्टँड लावतो. खूण म्हणून धोंडा ठेवलेला असतो. दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवतो आणि मागं महिना लिहितो. धोंड्यांचे फोटो कुणाला आवडत नाहीत. मंडळी म्हणते, "हे कशाला भिंतीला लावताय?" तरी लावतो.

गेल्या भातकापणीच्या वेळी मी बांधावर स्टँड लावून उभा होतो. आबा समोरून विळा घेऊन येत होता. मला बघून थबकला. हलला तर फोटोत त्याचं भूत होईल, हे त्याला कुणी सांगितलं होतं की नुसता अवघडून उभा राहिला, ठाऊक नाही. तिन्ही वेळा खटका वाजेपर्यंत तो हलला नाही. मग "झालं का?" एवढंच म्हणाला आणि माझ्या शेजारून निघून गेला. फोटो चांगला आलाय. अजून त्याला दिलेला नाही. द्यायला मलाच जायला पाहिजे.