परस्परतेचा भंग : रात्रीचे छायाचित्र आणि निजलेला माणूस

फिल्मवर छायाचित्रण करणाऱ्यांना एक नियम ठाऊक असतो. उजेड निम्मा झाला तर वेळ दुप्पट करावा. फिल्मला मिळणारा एकूण प्रकाश तेवढाच राहतो. प्रकाश आणि काळ यांच्यातील या देवघेवीला परस्परतेचा नियम म्हणतात. परंतु उजेड फारच मंद असला आणि शटर सेकंदाहून अधिक काळ उघडे ठेवावे लागले, की हा नियम ढळतो. फिल्मची ग्रहणशक्ती उणावते आणि हिशेबाने येणाऱ्या वेळेपेक्षा बराच अधिक वेळ द्यावा लागतो. छायाचित्रकारांच्या बोलीत याला ‘रेसिप्रॉसिटी फेल्युअर’ असे नाव आहे. महानगराच्या रस्त्यावर रात्री कॅमेरा लावणाऱ्याच्या हातून आणखीही एका परस्परतेचा भंग होत असतो. येथे विचार करावयाचा आहे तो त्या दुसऱ्या भंगाचा.

दिवसाच्या रस्त्यावर पाहणारा आणि पाहिला जाणारा यांच्यात काहीएक व्यवहार शिल्लक असतो. ज्याच्यावर कॅमेरा रोखला आहे तो तोंड फिरवू शकतो, हटकू शकतो, हसू शकतो. हा व्यवहार समान पातळीवरचा असतो असे नाही. पण उलट पाहण्याची शक्यता त्यात असते. रात्री पदपथावर निजलेल्या माणसापाशी ती शक्यता उरत नाही. शिवाय रात्रीचे तंत्रच त्याला वेचून काढते. शटर आठ-दहा सेकंद उघडे राहिले की चालत जाणारी माणसे पुसट होतात, कित्येकदा नाहीशीही होतात. मोटारींच्या नुसत्या प्रकाशरेषा उमटतात. स्पष्ट उमटतो तो फक्त हालचाल न करणारा, म्हणजे निजलेला. ज्याला नकार देता येतो त्याची सुटका व्हावी आणि ज्याला तो देता येत नाही तोच नेमका ठळक व्हावा, ही या माध्यमाची नुसती तांत्रिक मर्यादा मानून सोडून देता येणार नाही.

येथे एक वैयक्तिक दाखला देणे भाग आहे. कर्जत मुंबईपासून रेल्वेने शंभर किलोमीटर. मुंबईत उशीर झाला की मध्यरात्रीच्या कर्जत लोकलची वाट पाहणे प्रस्तुत लेखकाच्या अंगवळणी पडलेले होते. अशाच एका रात्री स्थानकाबाहेर, दिव्याच्या खांबाखाली हातगाडीवर निजलेल्या एका हमालाचे छायाचित्र मी घेतले. तिकाटणे लावले होते, घाई नव्हती. फिल्म धुऊन प्रत काढेपर्यंत तीन आठवडे गेले. प्रत उत्तम आली, पाहणाऱ्यांनी वाखाणली. एकाने सहज विचारले, “त्या माणसाला दिलीस का?” दिली नव्हती. जागा ठाऊक होती, येणेजाणे नित्याचे होते; तरी दिली नव्हती. मी ती त्याच्या हाती ठेवतो आहे, हे दृश्य मला कल्पनेतही पुरते उभे करता येईना. उघडे तोंड, सरकलेले वस्त्र, उशाला घेतलेल्या चपला, हे सारे त्याला दाखवून मी काय म्हणणार होतो?

यावर नेहमीचे उत्तर असे, की रस्ता सार्वजनिक आहे आणि रस्त्यावरचा उजेड कोणाच्या मालकीचा नाही. फ्लॅश न वापरता, आहे त्या उजेडात काम करणे हे तर सौजन्याचेच लक्षण मानले जाते. जेकब रीस यांनी न्यूयॉर्कच्या चाळींत मॅग्नेशियमचा लखलखाट करून अंधारातल्या माणसांना दचकवले, त्या मानाने हे सौम्यच. पण ‘आहे तो उजेड’ हा शब्दप्रयोग तपासून घ्यावा लागतो. खालापूर तालुक्यातील खोपोलीचे टाटांचे वीजकेंद्र १९१५ साली सुरू झाले. लोणावळ्याच्या बाजूची धरणे भरावयाची, ते पाणी पाचशे मीटरहून अधिक खाली घाटपायथ्याशी आणावयाचे, आणि वीज मुंबईच्या गिरण्यांना द्यावयाची, अशी ती योजना होती. पुढे १९२१ मध्ये मुळशीच्या शेतकऱ्यांना सत्याग्रह करावा लागला, तो अशाच एका धरणाविरुद्ध. महानगराचा उजेड आकाशातून पडलेला नाही. कोणाची तरी जमीन आणि कोणाचे तरी पाणी त्यात मुरलेले आहे. त्याच्याखाली जो निजतो तोही बहुधा अशाच कुठल्या गावाहून आलेला असतो. त्याला आडोसा नाही म्हणून तो उजेडात आहे. त्याने उजेड निवडलेला नाही. तेव्हा आहे त्या उजेडाला सौजन्य म्हणणे हे त्याच्या निरुपायाला संमती म्हणण्यासारखे आहे.

मग असे चित्र घेऊच नये काय? येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला परिणामाचा. रीस यांच्या १८९० च्या पुस्तकाने न्यूयॉर्कमधील घरसुधारणेच्या चळवळीला बळ मिळाले, हे खरे आहे. परंतु परिणाम नंतर दिसतो. तो आधी गृहीत धरून कोणाची झोप खर्ची घालता येत नाही. दुसरा आक्षेप साहित्याचा. नामदेव ढसाळ यांच्या ‘गोलपिठा’ने (१९७२) तरी कोणाची परवानगी घेतली होती? भेद असा, की तेथे बोलणारा त्याच वस्तीत वाढलेला आहे. त्याच्या शब्दाचा जाब त्याला त्याच गल्लीत विचारता येतो. मेरी एलन मार्क यांचे फॉकलंड रोडवरील रंगीत छायाचित्रांचे पुस्तक १९८१ मध्ये निघाले. त्या बाहेरच्या होत्या. पण चोरून घेतलेल्या चित्रांवर समाधान न मानता तेथील स्त्रियांनी स्वीकारीपर्यंत त्या पुनःपुन्हा जात राहिल्या. तेवढ्याने सारे प्रश्न मिटत नाहीत. तरीही प्रश्न विचारता येईल इतक्या अंतरावर त्या उभ्या राहिल्या, एवढे म्हणता येते.

म्हणून कसोटी संमतीपत्राची नसून हाती देण्याची असावी. जे चित्र ज्याचे आहे त्याच्या हाती ठेवता येईल, ते घ्यावे. फिल्मचा विलंब येथे उपकारक ठरतो. टिपणे आणि पाहणे यांच्यामध्ये जे दिवस जातात, त्यांत निजलेला जागा झालेला असतो आणि त्याच्याकडे परत जाणे शक्य असते. भंगलेली परस्परता फिल्मवर अधिक वेळ देऊनच भरून काढावी लागते. माणसांच्या बाबतीतही दुसरा उपाय दिसत नाही.

या कसोटीलाही सीमा आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकरांची ती वाडी बहुतांशी निजलेली होती. वर गाडीरस्ता नव्हता. बचावपथके पायी चढली, पाठोपाठ कॅमेरेही चढले. तोवर त्या वाडीचे नाव डोंगर चढणाऱ्यांखेरीज बाहेर फारसे कोणी घेतले नव्हते. तेथे घेतलेली चित्रे ज्यांची होती त्यांच्या हाती देणे आता शक्य नाही. मागे राहिलेल्यांसमोर ती ठेवता येतील काय, एवढेच विचारता येते. आणि हा प्रश्न चित्र घेण्याआधी विचारावा लागतो.

हमालाची ती प्रत अजून माझ्यापाशी आहे. हातगाड्या आता तेथे उभ्या राहत नाहीत. चित्र चांगले आहे, हे मत मी बदललेले नाही. ते मात्र मी कोठे छापावयास दिलेले नाही, आणि या लेखासोबतही नाही.