विसाव्याचा खेळ

दुःखाचा भार घटकाभर तरी उतरावा म्हणून मनुष्यानें खेळ निर्माण केले, ही समजूत फार जुनी आहे. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस ह्यानें आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच भागांत लिडिया देशाची एक हकीकत दिली आहे. तेथें धान्याचा मोठा दुष्काळ पडला, तेव्हां लोकांनीं फासे, सागरगोट्यांसारखा हाडांचा खेळ, चेंडू असे नाना खेळ शोधून काढले. एक दिवस सारा वेळ खेळावयाचें, म्हणजे अन्नाची आठवण होणार नाहीं. दुसऱ्या दिवशीं खेळ बाजूस ठेवून जेवावयाचें. अशा रीतीनें त्यांनीं अठरा वर्षें काढलीं. हकीकत खरी असो वा नसो, तिचा शेवट विचार करण्याजोगा आहे. दुष्काळ हटला नाहीं. अखेर राजानें प्रजेचे दोन भाग केले, चिठ्ठ्या टाकल्या, आणि निम्म्या लोकांना देश सोडून जावें लागलें. खेळानें त्यांना तग धरावयास लावलें. धान्य पिकविलें नाहीं.

ही गोष्ट आम्हांस आठवण्याचें कारण असें. यवतमाळ जिल्ह्यांतील एका कापूस पिकविणाऱ्या घरचा मुलगा, आमच्या ओळखीचा, पुण्यास संगणकाच्या नोकरींत आहे. त्यानें फावल्या वेळांत मोबाइलवर खेळावयाचा एक व्हिडिओ गेम रचावयास घेतला. हेतु असा कीं, दिवसभराच्या विवंचनेनें शिणलेल्या माणसानें तो थोडा वेळ खेळावा व त्याचें मन हलकें व्हावें. आणि हा खेळ त्यास कोणा अनोळखी गिऱ्हाइकासाठीं नव्हे, तर आपल्या वडिलांसारख्यांसाठीं करावयाचा होता. नमुना घेऊन तो आमच्याकडे आला तो एक प्रश्न घेऊनच आला: खेळांतलें पीक कधीं बुडावें कीं कधींच बुडूं नये?

प्रश्न वरवर पाहतां कारागिरीचा वाटतो. आम्हांसहि प्रथम तसाच वाटला.

त्याच्या डोळ्यांपुढें 'स्टारड्यू व्हॅली' हा प्रसिद्ध खेळ होता. एरिक बॅरोन नांवाच्या अमेरिकन तरुणानें एकट्यानें चार वर्षांहून अधिक काळ खपून तो तयार केला व २०१६ सालीं प्रसिद्ध केला. आजवर त्याच्या चार कोटींहून अधिक प्रती खपल्या आहेत. कचेरीच्या कामास विटलेला एक मनुष्य आजोबांनीं मागें ठेवलेल्या शेतावर जाऊन राहतो, जमीन खणतो, पेरतो, पाणी घालतो, एवढेंच त्यांतील मुख्य कथानक. मोठमोठ्या शहरांतील नोकरदार मंडळी रात्रीं अंथरुणावर पडून हें शेत करतात आणि त्यानें जीव शांत होतो असें सांगतात. ज्या धंद्यानें यवतमाळच्या माणसाची झोप उडविली, त्याच धंद्याच्या चित्रानें शहरांतील माणसास झोप यावी, ह्यांतील विपरीतपणा कोणाच्याहि लक्षांत येईल. आम्हांस तर त्याचा थोडा रागच आला. परंतु तरुणानें खेळ समोर ठेवून खेळून दाखविला, तेव्हां राग ओसरला व कुतूहल वाटूं लागलें.

कारण कष्ट तेथेंहि आहेत. खेळणाराची शक्ति संपते. ऋतु अठ्ठावीसच दिवसांचा असतो, आणि तो पालटला कीं बहुतेक उभें पीक वाळून जातें. बुजगावणें न लावल्यास कावळे पिकावर उतरतात. मग विसावा कशांत आहे? तो आहे घरापाशीं ठेवलेल्या एका लांकडी पेटींत. जें पिकलें तें तींत टाकावयाचें. रात्र उलटली कीं पैसे हजर. मालाच्या प्रतीप्रमाणें भाव ठरलेला, आणि तो पेरणीच्या आधींच कळूं शकतो. ही पेटी आज खरेदी बंद आहे असें म्हणत नाहीं. कापसांत ओलावा जास्त आहे म्हणून भाव पाडीत नाहीं. आडत कापीत नाहीं, चुकारे थकवीत नाहीं. मनाला खाणारा ताण कष्टांचा नसतो, कष्टांचें चीज होईल कीं नाहीं ह्या धास्तीचा असतो, हें त्या अमेरिकन तरुणास उमगलें असावें. ज्याला ताण काढून टाकावयाचा आहे, त्याला तो नेमका कोठें बसला आहे हें आधीं शोधावेंच लागतें; आणि आम्हांस वाटतें, पुष्कळशा जाड अहवालांपेक्षां ह्या पेटींत रोगाचें निदान अधिक स्पष्ट लिहिलेलें आहे. १९७२ सालीं महाराष्ट्रांत सुरू झालेली कापूस एकाधिकार खरेदी योजना ही एका अर्थीं अशीच पेटी प्रत्यक्षांत उभारण्याची खटपट होती. ती तोट्यांत गेली व पुढें मोडली. चित्रांतल्या पेटीस तोटा येत नाहीं, कारण आंत पडलेला कापूस तिला पुढें कोणास विकावयाचा नसतो.

आमच्या तरुणानेंहि आपल्या खेळांत अशीच पेटी ठेविली होती, आणि दिवाळीस घरीं गेला असतां तो वडिलांच्या हातीं दिला. म्हाताऱ्यानें चार ओळी सरकी लाविली, पाणी दिलें, बोंडें फुटलेलीं पाहून तो हंसलाहि. कापूस पेटींत गेला, पैसे आले. तेव्हां त्यानें मान वर करून विचारलें, "अन् याचा भाव कोन ठरवते, बाबू?"

मुलाला उत्तर देववेना. भाव त्यानेंच ठरविला होता.

येथें त्याच्या प्रश्नाचें खरें स्वरूप उघडें झालें. पीक बुडूं द्यावें, तर दुखऱ्या जागेवरच बोट ठेवल्यासारखें होतें. बुडूं न द्यावें, तर ज्यानें उभें शेत वाळतांना पाहिलें त्याच्यापुढें खोटें चित्र मांडल्यासारखें होतें. आणि हा जिल्हा असा तसा नव्हे. ह्याच जिल्ह्यांतील चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्यानें १९ मार्च १९८६ रोजीं सहकुटुंब जीवनयात्रा संपविली. त्याची आठवण म्हणून २०१७ पासून दर वर्षीं त्या तारखेस महाराष्ट्रांत अनेक लोक अन्नत्याग करतात. लिडियाचे लोक उपासाच्या दिवशीं खेळत तें भूक विसरावी म्हणून. हे लोक उपास करतात तो विसरूं नये म्हणून. २००६ सालीं विदर्भांतील सहा जिल्ह्यांकरितां केंद्र सरकारनें ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली, त्या सहांत यवतमाळ होता. २०१५ सालीं बळीराजा चेतना अभियान सुरू झालें, तें यवतमाळ व तेव्हांचा उस्मानाबाद ह्या दोन जिल्ह्यांतच. अशा ठिकाणीं खेळणें घेऊन जाणें ही थट्टा नव्हे काय, असें कोणी विचारील, आणि त्या विचारणारास आम्ही उर्मट म्हणणार नाहीं.

तरीहि आमचें मत निराळें आहे. मुलाचा गुडघा खरचटला म्हणजे आई त्यावर फुंकर घालते. फुंकरीनें जखम भरत नाहीं हें आईस ठाऊक असतें. मुलासहि लवकरच ठाऊक होतें. तिला कोणी खोटी म्हणत नाहीं, कारण ती फुंकरीस औषध म्हणत नाहीं. पण ज्यानें मुलास ढकललें, तोच वांकून फुंकर घालूं लागला तर? क्रिया तीच, वाराहि तोच, पण तें पाहून आपल्याला किळस येईल. विसावा देणें योग्य कीं अयोग्य हें विसाव्याकडे पाहून ठरत नाहीं. देणाराकडे दुसरें कांहीं देणें थकलें आहे कीं काय, हें पाहावें लागतें. ज्याच्याकडे भावाचें, विम्याचें, पाण्याचें देणें आहे त्यानें खेळ वांटले तर तो अपमान होय. मुलाकडे बापाचें तसलें देणें नाहीं. त्यानें बापाच्या हातीं खेळ दिला तर तो प्रेमाचाच प्रकार आहे.

अर्थात् मुलगासुद्धां वाईट खेळ देऊं शकतो. २००९ सालीं 'फार्मव्हिल' नांवाचा शेतीचाच खेळ निघाला होता; ठरल्या वेळीं परत येऊन कापणी केली नाहीं तर त्यांतील पीक सुकून जाई, आणि त्या धाकानें माणसें कचेरींतून, लग्नसमारंभांतून उठून संगणकापाशीं धांवत. २०२० च्या अखेरीस तो बंद झाला, पण त्याची विद्या बंद झालेली नाहीं. झोपहि विसर पाडते आणि दारूहि पाडते. झोप सकाळीं आपण होऊन सोडते. आमच्या तरुणास एका अनुभवी गृहस्थानें सल्ला दिला कीं, खेळ फुकट ठेव व मधूनमधून जाहिराती दाखव, खर्च भागेल. कोणत्या जाहिराती येतील ह्याची चौकशी त्यानें केली, तेव्हां त्यांत दोन मिनिटांत कर्ज देणाऱ्या ॲपच्या जाहिराती निघाल्या. कर्जाच्या चिंतेनें शिणलेल्या माणसाचें मन हलकें करावयाचें आणि त्याच पडद्यावर त्यास नवें कर्ज दाखवावयाचें! हें त्यानें केलें नाहीं, ह्याबद्दल आम्हांस त्याचें कौतुक वाटतें. त्याच्या खिशास मात्र तें जड गेलें.

त्यानें पेटी काढून टाकली. आतां त्याच्या खेळांत कापूस पिकतो त्याच्या समईच्या वाती होतात, ज्वारी पिकते ती पाखरें खातात, तुरीची डाळ शेजारच्या घरीं जाते. विकावयाचें कांहीं नसल्यामुळें भाव कोण ठरवितो हा प्रश्नच उरला नाहीं. पाऊस कधीं येतो, कधीं येत नाहीं. न आला तर त्या संध्याकाळीं समई लागत नाहीं, इतकेंच. पंधरा मिनिटांनीं सूर्य मावळतो व दुसऱ्या दिवसापर्यंत खेळ उघडत नाहीं. मावळतीच्या चित्राखालीं, हा नुसता खेळ आहे, कोणाशीं बोलावेसें वाटल्यास टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, अशी एक ओळ आहे. ही ओळ आम्हींच सुचविली. पंधरा मिनिटांची मर्यादाहि आमच्याच आग्रहानें आली, आणि तिच्याविषयीं आम्ही मनांतून बरेच संतुष्ट होतों.

मागील महिन्यांत त्याचें पत्र आलें. वडील खेळ खेळतात, पण घरीं नव्हे. रानडुकरें आणि रोही ह्यांपासून पीक राखण्यासाठीं त्यांना रात्रभर शेतांत जागलीस बसावें लागतें, आणि मोबाइल ते तेथें नेतात. मनास शांत वाटतें कीं काय असें विचारलें तर त्यांना तो प्रश्न समजला नाहीं. जाग राहते, असें ते म्हणाले. फक्त सूर्य फार लवकर मावळतो. रात्र मोठी असते, तेव्हां खेळांतला दिवस पहांटेपर्यंत लांबव, असें त्यांचें मुलाकडे मागणें आहे. मुलानें विचारलें आहे, लांबवूं कां? पत्र टेबलावर पडलें आहे आणि आम्हीं अजून उत्तर लिहिलेलें नाहीं.