थकवा हा दोष आहे का?



आपल्या देवळा तालुक्यात स्वतःच्या हिमतीवर जगणारी माणसे पुष्कळ. कुणाची डाळिंबाची बाग, कुणाचे खत-औषधांचे दुकान, कुणाचा उमराण्याला कांद्याचा व्यापार, कुणाची पिकअप भाड्याने. अशा माणसाला रजा देणारा साहेब नसतो, तसा ‘आता पुरे’ म्हणणाराही कुणी नसतो. त्यात त्याचे मनच मुळात न थांबणारे असेल, तर? आज त्याच्याविषयी थोडा विचार करू या.

असा एक तरुण डोळ्यांपुढे आणा. त्याच्या डोक्यात रोज नवी कल्पना. कांद्याची खरेदी चालू असतानाच तो ठिबकची एजन्सी घेतो, आणि तिची घडी बसायच्या आत रोपवाटिका काढतो. कामात रमला की जेवणाचे भान राहत नाही, रात्रीचे दोन वाजतात. पण बिले लिहायला बसवत नाही. जीएसटीचे रिटर्न राहून जाते, दंड पडतो. दिलेला शब्द विसरतो आणि त्याची भरपाई म्हणून आणखी राबतो. मग एक दिवस त्याला अंथरुणातून उठावेसेच वाटत नाही. फोन वाजला तरी धडकी भरते. ज्या धंद्यावर जीव होता, त्याचाच वीट येतो. घरचे म्हणतात, ‘मनावरच घेत नाही.’ शेजारी म्हणतात, ‘आरंभशूर.’ तो स्वतःला याहून वाईट काही म्हणत असतो.

तो आळशी आहे का? डॉक्टर ज्याला एडीएचडी म्हणतात, ती मेंदूच्या वाढीशी संबंधित अवस्था आहे. लक्ष हवे तिथे टिकवणे, मनात आलेल्या ऊर्मीला आवरणे, वेळेचा अंदाज घेणे या गोष्टी तिच्यात जड जातात. ती लहानपणापासून असते आणि अनेकांत मोठेपणीही राहते. प्रत्येक चंचल माणसाला ती असतेच असे नाही; निदान तज्ज्ञानेच करायचे असते. १९०२ साली लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी बुद्धीने चांगल्या, पण स्वतःला आवरू न शकणाऱ्या मुलांचे वर्णन केले, तेव्हा त्यांनी त्याला नैतिक संयमातील उणीव मानले. वैद्यकशास्त्र त्यानंतर खूप पुढे गेले. आपली जीभ मात्र अजून १९०२ सालीच अडकली आहे.

बर्नआउट, म्हणजे आतून जळून रिते होणे, या शब्दाची कथाही बोलकी आहे. १९७४ साली न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी मोफत दवाखान्यात सेवा देणाऱ्यांविषयी तो वापरला. त्यांना दिसले, की असे रिते होतात ते कामचुकार नव्हेत, तर जीव ओतून काम करणारे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली त्याची तीन लक्षणे सांगितली: शक्ती संपणे, कामाविषयी मन उडणे आणि हातून नीट काम न होणे. आपल्या तरुणात ही तिन्ही दिसतात.

मग त्याचा दोष किती? ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ (परिच्छेद १७३५) सांगतो, की अनवधान, भीती, सवय व इतर मानसिक कारणांनी माणसाच्या कृत्याची जबाबदारी कमी होऊ शकते, कधी पूर्ण नाहीशीही होते. म्हणून थकलेल्यावर पापाचा शिक्का मारण्याची घाई आपण करू नये. पण दोष नाही म्हणजे कर्तव्यही नाही, असे नव्हे. नजर अधू असणे हा गुन्हा नाही. चष्मा न लावता ट्रॅक्टर रस्त्यावर काढणे हा आहे. ज्याचे मन ‘थांब’ अशी खूण देत नाही, त्याने ती खूण बाहेर उभी करायला हवी. ‘उद्यापासून जास्त जोर लावीन’ हा त्यावर उपाय नाही. जोर तर तो लावतोच आहे.

मोशेचे असेच झाले होते. तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचा न्याय करीत बसे. हे बरे नव्हे, तूही थकशील आणि लोकही, हे त्याला कळले ते स्वतःहून नव्हे. सासरा इथ्रो याने सांगितले (निर्गम १८). मोशेने ऐकले आणि कामे वाटून दिली. प्रत्येक उद्योजकाला एक इथ्रो हवा.

दुसरी खूण विसाव्याच्या दिवसाची. काम संपले की विसावा घ्या, असे देवाने सांगितले नाही. काम कधी संपतच नाही. त्याने दिवस ठरवून दिला, आणि नांगरणी-कापणीच्या हंगामातही तो पाळायला सांगितले (निर्गम ३४:२१). ‘फादर, भाव काय आपल्यासाठी थांबतो?’ असे कुणी विचारेल. भाव थांबत नाही, हे खरे. पण डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यातबंदी आली, ती रात्रभर जागलेल्यासाठी वेगळी नव्हती. विहिरीत पडलेला बैल शब्बाथ दिवशीही काढावा, हे प्रभूला मान्य आहे. मात्र रोजच बैल विहिरीत पडत असेल, तर विहिरीला कठडा बांधायला हवा.

कांद्याची चाळ आपण कशी बांधतो? तळाला आणि बाजूंना फटी ठेवतो, ढीग बेताचा लावतो. ती जागा वाया गेली, असे कुणी म्हणत नाही. हवा खेळली नाही तर कांदा सडतो, हे आपल्याला पक्के ठाऊक आहे. कांद्याला जे देतो ते माणसाला का नाकारावे?

तेव्हा धंदा करणाऱ्यांनी एवढे करून पाहावे. आठवड्याचा एक दिवस मोबाइल आणि वही बाजूला ठेवावी. हिशेब विश्वासू माणसाकडे सोपवावा. नवा धंदा सुचला तर आधी घरच्यांना सांगावा आणि पंधरा दिवस थांबावे. झोप मोडू नये. मन आवरतच नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञाला भेटण्यात कमीपणा नाही. औषध आणि समुपदेशन दोन्हींचा उपयोग होतो. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

आणि घरच्यांनी? एलीया झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिले, झोपू दिले (१ राजे १९). आपल्या घरात असा कुणी थकून बसला असेल, तर आज त्याला बोल लावण्याआधी त्याचे ताट वाढा. बोलायचे ते नंतर बोलता येईल.

आपला,
धर्मगुरू