ज्ञानाची मोजदाद

मोजल्यावांचून व्यवहार चालत नाहीं, हें सर्वमान्य आहे. परंतु एखाद्या वस्तूची किंमत तिच्या मोजणींतून कळते कीं नाहीं, हा प्रश्न त्याहून निराळा आहे, आणि तो आपण क्वचितच विचारतों. मी राहतों त्या छावणींत दर गुरुवारीं बाजार भरतो. तेथें बैल घेण्यास आलेला शेतकरी आधीं त्याचे दांत पाहतो, मग त्याला दहा-वीस पावलें चालवून पाहतो, खांद्यावरून हात फिरवितो, आणि मगच किंमत बोलतो. माझ्या दावणीला बैल किती आहेत, एवढेंच विकणारा सांगूं लागला तर शेतकरी हंसून पुढें जाईल. ह्या बाजारापासून नागसेनवनांतील महाविद्यालयें जवळ, आणि विद्यापीठही फारसें दूर नाहीं. तेथें मात्र आम्ही विद्वानांची परीक्षा दावणीवरचे बैल मोजून करूं लागलों आहोंत.

विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१० सालीं अध्यापकांच्या बढतीसाठीं गुणांकांची पद्धति आणली. निबंधास इतके, ग्रंथास इतके, परिषदेंतील वाचनास इतके, असा तो हिशेब. त्यापूर्वींची व्यवस्था निर्दोष होती असें मी म्हणणार नाहीं. वशिला आणि ओळखदेख ह्यांचें राज्य पुष्कळांनीं पाहिलें आहे. आकडा निदान आडनांव विचारीत नाहीं. ज्यांच्या घरांत पूर्वीं कोणी शाळेची पायरी चढलें नव्हतें, अशा मुलांना उच्च शिक्षणाचें दार उघडावें म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९५० सालीं ज्या गांवीं महाविद्यालय काढलें, त्या गांवांत राहून आकड्याचा हा गुण विसरणें कृतघ्नपणाचें होईल. तेव्हां मोजणीला केवळ नांवें ठेवून भागत नाहीं. ती कोठपर्यंत प्रामाणिक असते आणि कोठें अप्रामाणिकपणास आश्रय देते, हें पाहिलें पाहिजे.

ह्यासाठीं यूरोपांतील एका विद्यापीठाचें उदाहरण घेतों. बर्लिनचें विद्यापीठ विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट ह्याच्या कल्पनेप्रमाणें १८१० सालीं सुरू झालें. अध्यापन व संशोधन हीं एकाच छताखालीं, एकाच माणसाच्या हातून व्हावींत, ही ती कल्पना. आज जगांतील बहुतेक विद्यापीठें तिच्यावरच उभीं आहेत. तेथेंच माक्स प्लांक प्राध्यापक असतांना त्यानें १९०० सालच्या डिसेंबरांत पुंजसिद्धांत मांडला. परंतु त्याच विद्यापीठांतील कृषिशास्त्राचा प्राध्यापक कॉनराड मायर ह्यानें १९४२ सालीं पूर्व यूरोपांतील लक्षावधि लोकांना त्यांच्या भूमींतून हुसकून लावण्याची योजना सिद्ध केली. तिच्यांतही कोष्टकें होतीं, आंकडेमोड होती, वर्षांचे अंदाज होते. केवळ नग मोजणाऱ्याच्या वहींत हें एक कार्य आणि प्लांकचें तें एक कार्य. दोहोंमधील अंतर दाखविणारा रकाना त्या वहींत नाहीं.

ह्या बर्लिनशीं आपल्या दोघां विद्वानांचा संबंध आला. विष्णु सीताराम सुखठणकर केंब्रिजला गणित शिकले आणि मग बर्लिनला हाइन्रिख ल्यूडर्स ह्यांच्यापाशीं संस्कृत संशोधनाची शिस्त शिकले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम १९१९ सालीं हातीं घेतलें होतें. १९२५ मध्यें त्याचें संपादकत्व त्यांच्याकडे आलें. पोथ्या गोळा करावयाच्या, श्लोकाश्लोकाचे पाठ ताडून पाहावयाचे, कोणता पाठ मुळाच्या जवळचा हें ठरवावयाचें आणि टाकलेले पाठही तळाशीं जसेच्या तसे नोंदून ठेवावयाचे, असें तें काम. आदिपर्व १९३३ सालीं पुरें झालें. सुखठणकर १९४३ सालीं वारले. त्यांच्यामागून बेलवलकर आणि वैद्य ह्यांनीं काम पुढें नेलें, आणि १९६६ सालीं तें समाप्त झालें. दर सालाच्या शेवटीं गुणांक मागणाऱ्या पद्धतींत सत्तेचाळीस वर्षांचा असा उद्योग कोणी पत्करला असता काय?

दुसरें उदाहरण इरावती कर्वे ह्यांचें. त्या १९२८ सालीं जर्मनीस गेल्या आणि ऑयगेन फिशर ह्याच्या हाताखालीं मानवशास्त्राचें संशोधन करूं लागल्या. मनुष्याच्या कवटीच्या दोन बाजू सारख्या नसतात. ह्या असमानतेचा वंशाशीं संबंध आहे कीं काय, हें कवट्या मोजून पाहावयाचें होतें. फिशरचा कल कोणीकडे होता हें उघड होतें. हाच गृहस्थ पुढें १९३३ मध्यें नाझी अमलाखालीं त्या विद्यापीठाचा प्रमुख झाला. कर्व्यांनीं कवट्या मोजल्या आणि असा संबंध दिसत नाहीं, असें लिहून दिलें. परक्या देशांत, पदवी ज्याच्या हातीं त्याच्या अपेक्षेविरुद्ध, पंचविशींतील एका बाईनें लिहिलेलें हें 'नाहीं' मला फार मोलाचें वाटतें. तेंही मोजमापच होतें. पण जें निघालें तें लिहावयाचें, हा निश्चय त्याच्या आधीं झाला होता.

मला तें इतकें मोलाचें कां वाटतें, ह्याचें कारण सांगणें भाग आहे. कांहीं वर्षांपूर्वीं माझ्याकडे एक विद्यार्थी संशोधनास होता. सावकाराच्या कर्जामुळें मुलांची शाळा सुटते, असें माझें अनुमान होतें. तें त्यानें आठ गांवांत फिरून तपासावयाचें होतें. तीन वर्षांनीं वह्या घेऊन तो आला. तीन गांवांत अनुमान जुळत होतें, पांच गांवांत जुळत नव्हतें. तो म्हणाला, "सर, कर्ज आहे तिथेंही मुलं शाळेंत जातात. कारण दुसरंच कांहींतरी आहे." मीं त्याला म्हटलें, "कांहीं निघालें नाहीं असें कोणी छापीत नाहीं. तीन गांवांचें लिही." त्यानें तसें केलें. दोन निबंध छापले गेले, दोहोंवर माझें नांव आधीं. त्याला पदवी मिळाली, मला गुण मिळाले.

त्या निबंधांत एकही वाक्य खोटें नव्हतें. ह्या समजुतीवर मी पुष्कळ दिवस निश्चिंत होतों. परंतु असत्य वाक्यांतच राहतें असें नाहीं. तें निवडींतही राहतें. सुखठणकरांनीं टाकलेला पाठ तळाशीं ठेवला, म्हणजे त्यांची निवड चुकली असल्यास पुढच्या वाचकाला ती ओळखतां यावी. मीं पांच गांवें तळाशींसुद्धां ठेविलीं नाहींत. त्या गांवांतील मुलें शाळेंत कां टिकतात, हा प्रश्न त्यांच्याबरोबर पुरला गेला. आणि उपयोगाचा प्रश्न कदाचित् तोच होता.

आयोगानें २०२२ सालीं पीएच. डी. पूर्वीं निबंध छापण्याची सक्ति काढून टाकली. हॉलंडांतील उट्रेख्ट विद्यापीठानें त्याच्या आदल्या वर्षींच, अध्यापकांची निवड करतांना नियतकालिकांचे प्रभावांक पाहणार नाहीं, असें जाहीर केलें. हे बदल चांगले आहेत. परंतु माझा अपराध नियमानें करविला असें म्हणून मला सुटतां येत नाहीं. नियमानें निबंध मागितला होता. पांच गांवें लपविण्यास त्यानें सांगितलें नव्हतें.

गेल्या वर्षीं मीं त्या विद्यार्थ्याला पत्र लिहिलें, कीं राहिलेलें आपण छापूं. तो आतां एका महाविद्यालयांत अध्यापक आहे. त्यानें कळविलें, "सर, बढतीचा अर्ज नुकताच दिला आहे. त्यांत ते दोन्ही निबंध आहेत." पुढें कांहीं लिहिलें नव्हतें. माझ्या सत्यप्रीतीची किंमत त्याच्या घरानें भरावी, हें न्याय्य नव्हे. आणि त्याच्या घरासाठीं असत्य चालूं द्यावें, हेंही नव्हे. मग एवढेंच ठरविलें, कीं पांच गांवांची हकीकत माझ्या नांवानें छापावी, तीन गांवांची निवड माझ्या सांगण्यावरून झाली हें त्यांत स्पष्ट लिहावें, आणि छापण्यापूर्वीं तें त्याला दाखवावें. त्या वह्या त्यानें मला पाठवून दिल्या आहेत. सध्यां मी पांचव्या गांवाची वही वाचीत आहें.