ब्लर झालेल्या आजी

पंढरपुरात शूट करायचं तर पहाट गाठावी लागते. सूर्य चंद्रभागेच्या पलीकडून उगवतो आणि वाळवंटात उभ्या माणसाच्या चेहऱ्यावर सरळ, मऊ ऊन येतं. मागे पुंडलिकाचं मंदिर. मित्राच्या शूटला मी रिफ्लेक्टर धरायला गेलो होतो. मॉडेलशी सगळं आधी ठरलेलं: साड्या, तास, पैसे, फोटो कुठे वापरायचे तेसुद्धा. लेखी.

तिच्यामागे एक आजी स्नान करून ओलं लुगडं बदलत होत्या. मित्राने अ‍ॅपर्चर १.८ वर नेलं. "ब्लर होतील रे. आणि जागा सार्वजनिक आहे."

पण तिथे बायका कपडे बदलतात ते जागा सार्वजनिक आहे म्हणून नव्हे. इथे कुणी बघत नाही, या भरवशावर. शिवाय आजींना वगळलं असतं तर ती फ्रेम कुठल्याही नदीवरची झाली असती. म्हणजे त्या आम्हाला हव्याच होत्या, फक्त ओळखू न येणाऱ्या. उद्धव ठाकरेंनी आकाशातून टिपलेल्या वारीत एकटं माणूस सापडत नाही. इथे अंतर वीस पावलांचं होतं. जाऊन विचारता आलं असतं.

मी हललो नाही. रिफ्लेक्टर हलला असता, ऊन गेलं असतं.