आजीला काय कळतंय?

पक्षाघातानंतर आजीचा उजवा हात गेला, बोलणंही गेलं. भेटायला येणारे तिच्यासमोरच म्हणायचे, "आता हिला काय कळतंय!"

खरं सांगतो, मलाही तसंच वाटायचं. एक प्रयोग वाचला होता. २००४ साली केंब्रिजच्या ओलाफ हाउक आणि सहकाऱ्यांनी लोकांना चाटणं, उचलणं, लाथ मारणं अशा अर्थाची इंग्रजी क्रियापदं वाचायला दिली. स्कॅनमध्ये दिसलं की नुसतं वाचतानाही मेंदूतल्या जीभ, बोटं, पाय हलवणाऱ्या जागा किंवा त्यांच्या शेजारचा भाग सक्रिय होतो. मग हातच गेला, तर 'थापणं' या शब्दाचा अर्थही जाणार ना?

पण फ्रिज उघडला की दिवा लागतो, म्हणून दूध दिव्यामुळे गार राहत नाही. मेंदूला इजा होऊन हातोडी नीट वापरता न येणारे काही रुग्ण तिचं नाव आणि उपयोग बरोबर सांगतात. शरीर अर्थाला हातभार लावत असेलही, पण सगळा अर्थ त्याच्यावर उभा नाही.

परवा माझ्या आईने तिला विचारलं, "आई, भाकरी थापू की भात लावू?"

आजीने डाव्या हाताने चादरीवर भाकरी थापली.

इतके दिवस तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.