सल्लागाराचे उत्तरदायित्व

सल्ला हे आपल्याकडचे सर्वांत स्वस्त दान आहे. देणाऱ्याच्या गाठीचे काही जात नाही, घेणारा आभार मानतो, आणि पुढे काय झाले हे पाहायला कोणी थांबत नाही. कोणाला सर्दी झाली तर काढा सांगावा, मुलीचे लग्न जमेना तर एखादे स्थळ सुचवावे. इथवर मला त्यात काही गैर दिसत नाही. पण विजेच्या बाबतीत हा उदारपणा पाहिला की माझे मन साशंक होते.

आमच्या इमारतीतल्या एका बाईंना गिझरच्या नळाला हात लावला की झिणझिण्या येत. त्यांनी जिन्यात हा विषय काढताच उपायांची रांग लागली. रबरी चपला घालून आंघोळ करा, असे एकाने सांगितले. ‘जुनी इमारत, थोडा करंट यायचाच,’ असे दुसऱ्याने. तिसरे गृहस्थ पेन्शनर, स्वभावाने परोपकारी. ते म्हणाले, ‘सॉकेटमधली अर्थिंगची जागा न्यूट्रलला जोडून टाका. माझ्या घरी बारा वर्षे तसेच आहे. काही झालेले नाही.’

हा उपाय लागू पडतो, आणि हीच त्यातली भयंकर गोष्ट. झिणझिण्या थांबतात, बाई दुवा देतात. पण त्या जोडाच्या मागे न्यूट्रलची तार कुठे सैल होऊन तुटली, तर गिझरमधून परतणाऱ्या विजेची वाट बंद होते आणि तिचा सगळा 230 व्होल्टचा दाब गिझरच्या अंगावर, म्हणजेच नळावर येतो. जी तार जीव वाचवण्यासाठी असते, तीच ओल्या हातापर्यंत मरण आणून पोचवते. पेन्शनरांची बारा वर्षे एवढेच सिद्ध करतात की बारा वर्षांत त्यांचा न्यूट्रल सुटलेला नाही.

आमटीत मीठ जास्त पडले तर ते त्याच जेवणात कळते. म्हणून स्वयंपाकघरातला अनुभव खरोखर शहाणे करतो. विजेची चूक वर्षानुवर्षे मुकी राहते. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यात जाड तार घातली की दिवे सुरळीत चालू राहतात, आणि भिंतीतली वायर आतल्या आत तापत जाते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. घरातले मात्र फ्यूज दुरुस्त झाला, असेच म्हणतात.

1956 च्या भारतीय विद्युत नियमांनी दिवे, पंखे, फ्यूज बदलण्याची मुभा घरमालकाला ठेवली होती. मात्र त्यामुळे जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये. बाकीचे काम परवानाधारक कंत्राटदाराचे. 2010 साली त्यांच्या जागी नवे विनियम आले, तरी गाभा तोच राहिला. कायद्याने हात बांधला. जिभेला कोण बांधणार?

कोणी म्हणेल, परवाना म्हणजे का ज्ञान? फॅरेडे पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करीत होता. विद्यापीठाचे तोंड न पाहता 1831 साली त्याने विद्युतप्रवर्तनाचा शोध लावला. आक्षेप खरा आहे. पण फॅरेडेने प्रयोग आपल्या टेबलावर केले. आमचे पेन्शनर दुसऱ्याच्या न्हाणीघरात करू पाहत होते.

मग गप्प बसावे काय? तेही मला निर्दोष वाटत नाही. वायरमन चार दिवसांनी येणार होता आणि बाईंना आंघोळ उद्या सकाळी हवी होती. विचार करता मला एक फरक दिसला : ‘बंद करा’ असे सांगायला पात्रता लागत नाही, ‘असे करून चालू करा’ असे सांगायला लागते. पहिला सल्ला चुकला तर चार दिवसांची गैरसोय होते. दुसरा चुकला तर काय होते, ते वर लिहिलेच आहे. मी बाईंना बटण बंद ठेवून गॅसवर पाणी तापवायला सांगितले. वायरमनला गिझरची कॉइल खराब सापडली. सॉकेटपर्यंत अर्थची तार आलेलीच नव्हती.

उरला प्रश्न पेन्शनरांच्या घरातल्या जोडाचा. न विचारता सांगणे हाही आगाऊपणाच, आणि मी काही वायरमन नव्हे. तरी गेलो आणि सांगितले. ते रागावले, तेव्हापासून जिन्यात ओळख देत नाहीत. वायरमनला त्यांनी बोलावले की नाही, हे मला अजून कळलेले नाही.